बाळंतिणीचे दुखणे : कारण शोधा, उपाय करा

पाचव्या रात्री सटवी येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते, ही समजूत १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या बहुतेक घरांतून गेली. बाळाचे नाव ठेवताना आता त्रिशरण-पंचशील म्हटले जाते. परंतु त्याच घरात, त्याच पाचव्या दिवशी, एखादी पहिलटकरीण बाळाला अंगावर घेताना दातओठ आवळून बसलेली असते. बोंडाला भेग पडलेली, छाती दगडासारखी झालेली, डोळ्यांत पाणी. आणि आजूबाजूच्या बायका तिची समजूत घालतात, "अगं, बाईच्या जातीला हे सोसावंच लागतं." सटवीचा लेख आपण पुसला. हा दुसरा लेख पुसायचे काम अजून बाकी आहे.

जे जे घडते त्याला कारण असते, आणि ते कारण एक तर निसर्गात असते किंवा माणसाच्या कृतीत, असे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी समजावून सांगितले आहे. बाळंतिणीचे दुखणेही याला अपवाद नाही. ते पूर्वजन्माचे भोग नव्हेत, कोणाची दृष्टही नव्हे. त्याचे कारण बहुतेक वेळा डोळ्यांनी दिसण्यासारखे असते आणि बिनखर्चाने दूर होण्यासारखे असते. ते दूर झाले नाही, तर दुखणाऱ्या आईचे पाजणे आपोआप कमी होते, पाजणे कमी झाले की दूध कमी होते, आणि मग पावडरच्या दुधाचा डबा घरात येतो. साठवलेले पाणी, नीट न उकळलेली बाटली आणि पैसे पुरवण्यासाठी पातळ केलेली पावडर यांतून जुलाब सुरू होतात. गरिबाच्या घरी तान्ह्या बाळाला लागलेले जुलाब हा जिवावरचा प्रसंग असतो. म्हणून एका भेगेची गोष्ट वाटते तेवढी लहान नाही.

दुखते ते का?

पहिल्या आठवड्यात बाळाने छातीला तोंड लावल्यावर पहिले अर्धे मिनिट ओढल्यासारखे वाटते, हे स्वाभाविक आहे. पाजताना ओटीपोटात कळ येते, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात, तीही चांगलीच. गर्भपिशवी आकुंचन पावून पूर्ववत होत असल्याची ती खूण आहे. परंतु बाळ पीत असेपर्यंत सारखे दुखत राहिले, बोंडाला चीर पडली, रक्त आले, किंवा बाळाने तोंड सोडल्यावर बोंड चपटे, तिरके, पांढरे पडलेले दिसले, तर समजावे की बाळाची पकड चुकते आहे.

बाळ नुसते बोंड तोंडात धरून ओढते, तेव्हा ते बोंड हिरडी आणि कडक टाळू यांच्यामध्ये रगडले जाते. दर दोन तासांनी तोच भाग रगडला गेला तर भेग पडणारच. पण बोंडाभोवतीचा काळसर भागही बाळाने तोंडात घेतला, तर बोंड आत मऊ टाळूपर्यंत जाते आणि तिथे ते घासत नाही. दूधही मग भरपूर येते, कारण दुधाच्या नळ्या त्या काळसर भागाखालीच असतात. "माझे बोंड लहान आहे, बसके आहे, मला पाजता येणार नाही" असे म्हणणाऱ्या लेकीसुनांनी हे ध्यानात ठेवावे, की बाळ बोंड पीत नाही, स्तन पितो. बोंड आत ओढलेले असेल तर ते बाहेर काढण्याच्या साध्या युक्त्या दवाखान्यातल्या सिस्टर दाखवतात. त्या दवाखान्यातून घरी येण्याआधीच विचारून घ्याव्यात.

बाळ धरावे कसे?

आधी आईने पाठ टेकवून नीट बसावे. पाठीला उशी किंवा घडी घातलेली चादर असावी. सोलापूरच्या घरात चादरींना तोटा नाही! आईने वाकून बाळाकडे जायचे नाही, बाळाला आपल्याकडे आणायचे. पुढच्या गोष्टी क्रमाने कराव्यात.

१. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले असावे. डोके, पाठ आणि कंबर एका रेषेत असावी. मान वळवून आपल्याला घोटभर पाणीही पिता येत नाही, तर बाळ दूध कसे पिणार?

२. बाळाचे नाक बोंडासमोर आणावे. वरच्या ओठाला बोंड हलकेच लावावे आणि थांबावे. घाई करू नये.

३. जांभई दिल्यासारखे मोठे तोंड उघडले की बाळाला चटकन जवळ घ्यावे. हनुवटी आधी छातीला टेकली पाहिजे.

४. पकड बरोबर असली तर खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, गाल फुगलेले असतात आणि काळसर भाग बाळाच्या ओठाच्या वर जास्त, खाली कमी दिसतो. चक् चक् असा आवाज येत नाही. घोट गिळल्याचा आवाज येतो.

५. दुखत राहिले तर बाळाला ओढून काढू नये. स्वच्छ करंगळी त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावे. दहा वेळा लावावे लागले तरी चालेल.

सिझेरियन झालेल्या आईला मांडीवर बाळ घेतले की टाके दुखतात. तिने कुशीवर निजून पाजावे, किंवा बाळाला काखेखाली बगलेत धरावे. पाय मागे, डोके पुढे. अशाने पोटावर भार येत नाही.

भेग पडली तर

पाजणे बंद करू नये. कमी दुखणाऱ्या बाजूने सुरुवात करावी, कारण बाळाची पहिली भूक मोठी असते आणि ओढही जोराची असते. पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचे दोन थेंब बोंडावर लावून वाऱ्यावर सुकू द्यावेत. याहून स्वस्त मलम बाजारात मिळत नाही. प्रत्येक वेळी साबण, डेटॉल किंवा स्पिरिटने पुसू नये. त्याने कातडी कोरडी पडते आणि अधिक फाटते. दिवसातून एकदा आंघोळीचे पाणी पुरे. हळद, राख, काजळ, अंगारा काहीही लावू नये, ते बाळाच्या तोंडात जाते. कातडी बधीर करणारे मलम तर मुळीच नको. घट्ट ब्लाऊज टाळावा, सुती आणि सैल वापरावा.

एखादी बाजू फारच दुखत असेल, तर एक-दोन दिवस त्या बाजूचे दूध हाताने काढून बाळाला वाटी-चमच्याने पाजावे, आणि पकड सुधारून पुन्हा लावावे. भेगेतले थोडे रक्त दुधात गेले तर बाळाला अपाय होत नाही.

दुखण्याबरोबर बोंडाची आग होत असेल, आत खोलवर सुया टोचल्यासारखे वाटत असेल आणि बाळाच्या जिभेवर व गालाच्या आत पुसून न जाणारे पांढरे डाग असतील, तर ती बुरशी असू शकते. तिथे आई आणि बाळ, दोघांनाही एकाच वेळी औषध लागते. पकड सुधारूनही दुखणे थांबत नसेल तर बाळाची जीभ खाली बांधल्यासारखी आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

छाती दाटली तर

बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस थोडे, घट्ट, पिवळसर दूध येते. तो चीक. अनेक घरांत तो 'नासका' म्हणून पिळून टाकतात. खरे तर रोगांशी लढण्याची शक्ती त्यात सर्वांत जास्त असते, म्हणून त्याला बाळाची पहिली लस म्हणतात. चीक थोडा असतो, कारण बाळाचे पोटही तेवढेच लहान असते. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला छातीला लावावे असे सांगतात ते यासाठीच.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पान्हा जोराने उतरतो. छाती जड, गरम, ताठ होते. बाळाला दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजले तर हे दाटणे एक-दोन दिवसांत ओसरते. पण नेमके याच वेळी दुखते म्हणून पाजणे लांबवले जाते आणि काळसर भाग इतका ताणला जातो की बाळाला तो तोंडात धरताच येत नाही. अशा वेळी पाजण्याआधी थोडा वेळ कोमट पाण्याचे फडके ठेवावे, बोटांनी थोडे दूध काढून काळसर भाग मऊ करावा आणि मग बाळाला लावावे. पाजून झाल्यावर गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, त्याने सूज उतरते. फार दुखत असेल तर पॅरासिटामॉलची गोळी पाजणाऱ्या आईला चालते. मात्रा सिस्टरना किंवा डॉक्टरांना विचारावी.

अंगाला तेल लावणाऱ्या बाईला मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगावी. गाठी 'फोडण्यासाठी' छाती रगडायची नाही. जोराने चोळल्याने आतली सूज वाढते. तशीच दुसरी वाईट रीत म्हणजे तान्ह्या बाळाची छाती पिळून 'दूध काढणे'. आईच्या संप्रेरकांमुळे नवजात मुलाची किंवा मुलीची छाती कधी कधी थोडी फुगते. ती आपोआप बसते. पिळली तर गळू होते.

एका ठिकाणी लाल, गरम, दुखरी गाठ आली, अंगात ताप आणि थंडी भरली, तर ती स्तनाची सूज आहे. "तापातलं दूध बाळाला बाधतं" म्हणून पाजणे थांबवणे चूक आहे. दूध साचून राहिले तर दुखणे वाढते. पाजत राहावे, विश्रांती घ्यावी आणि एका दिवसात उतार पडला नाही तर दवाखाना गाठावा. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिले तर बरे वाटताच मध्येच सोडू नये. दुर्लक्ष केले तर पू होतो आणि तो काढावा लागतो. अंगारे-धुपारे करण्यात दोन दिवस घालवू नयेत.

दूध पुरते का?

दुखणाऱ्या आईच्या मनात ही शंका हमखास येते, आणि घरातलेही ती पेरतात. परीक्षा सोपी आहे. पाचव्या दिवसानंतर बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल, पिऊन झाल्यावर हात सैल सोडत असेल आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वेळचे वजन भरून काढत असेल, तर दूध पुरते आहे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत मध, साखरपाणी, घुटी काही नको. उन्हाळ्यातही बाळाला वरचे पाणी लागत नाही, दुधातच ते असते. पाणी आईला हवे. बाळंतिणीला तहान मारायला लावणारी जुनी रीत सोडून द्यावी. पाजणाऱ्या आईला रोजच्यापेक्षा सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. त्या काही काजू-बदामांतूनच येतात असे नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगाची चटणी, पालेभाजी, अंडी, मासे, परवडेल तेव्हा मटण, अळिवाचा लाडू. सगळे चालते. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळीही घ्यायची असते.

मिश्रीबद्दलही बोलले पाहिजे. आपल्या वस्त्यांत दात घासायला म्हणून लागलेली ही सवय दिवसातून चार-पाच वेळांवर जाते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातले निकोटिन दुधात उतरते आणि बाळाच्या पोटात जाते. पाजत असताना तरी ती सोडायचीच. विडी वळणाऱ्या भगिनींनी काम उरकल्यावर हात कोपरापर्यंत धुवावेत, लुगडे बदलावे, छाती साध्या पाण्याने पुसावी आणि मग बाळाला घ्यावे. तंबाखूच्या सुपाशेजारी बाळाला निजवू नये.

कामावर जाणाऱ्या आईचे काय?

ज्यांना पोटासाठी आठ-पंधरा दिवसांत कामावर जावे लागते, त्यांची छाती पदराखाली दाटून दुखते आणि घरी बाळ रडते. हे दुखणे पकड सुधारून जात नाही. त्याचे कारण कामाच्या ठिकाणी आहे, आणि ते ओळखणारे पहिल्या काही नेत्यांत बाबासाहेब होते.

त्या काळी मुंबईतल्या अनेक गिरणी कामगार स्त्रिया कामावर जाताना तान्ह्याला अफूची गोळी चाटवून निजवत. तिला 'बाळगोळी' म्हणत. अशा दिवसांत, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी सांगितले, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार एकट्या बाईवर पडता कामा नये. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यातही त्यांनी दुरुस्त्या घडवल्या. ज्या रमाईंनी आपली चार लेकरे गमावली, त्यांच्या पतीला तान्ह्या मुलाचे मोल कोणी सांगावे लागत नव्हते.

१९६१ साली संपूर्ण देशासाठी प्रसूतिलाभ कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुट्टी आणि ५० किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर, हेही हक्क मिळाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते घेतले आहेत. मात्र घरकाम, टॉवेलची शिलाई, कांड्या भरणे, बांधकामावर विटा वाहणे, अशा कामांवरच्या आपल्या कितीतरी बहिणींपर्यंत हे हक्क पोचत नाहीत. नोंदणी झालेल्या बांधकाम कामगार स्त्रीला राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडून प्रसूतीसाठी अर्थसाहाय्य मिळते, पण नोंदणीच नसेल तर काही नाही. तेव्हा गरोदरपणातच नोंदणीचे कागद पुरे करावेत. हे काम घरातल्या शिकलेल्या मुलाने अंगावर घ्यावे.

कामावर असताना तीन-चार तासांनी थोडे दूध हाताने काढले तर छाती दाटत नाही. सकाळी निघताना काढून ठेवलेले दूध स्वच्छ, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात शेजारच्या कोणाच्या फ्रीजमध्ये ठेवले तर चोवीस तास टिकते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते बाहेर ठेवू नये. बाळाला वाटी-चमच्याने पाजावे. बाटलीच्या बुचाची सवय लागली की बाळाची छातीवरची पकड बिघडते आणि दुखणे पहिल्यापासून सुरू होते. पावडर आणि बाटल्यांची जाहिरात करणे, फुकट नमुने वाटणे याला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. कोणी दवाखान्याच्या दारात डबा हातात ठेवला तर हे लक्षात असू द्यावे.

घराने आणि वस्तीने काय करावे?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात, पण तासाभरात छातीला लावली जाणारी मुले ४१.८ टक्केच आहेत. म्हणजे बाळंतपण दवाखान्यात गेले, पाजायला शिकवणे मात्र मागे राहिले. त्यातच आई दोन-तीन दिवसांत घरी येते आणि छाती दाटते ती नेमकी त्यानंतर. यासाठीच आशाताईंच्या घरभेटी ठरवून दिल्या आहेत. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. तिसऱ्या दिवशी आशाताई आल्या की "बाळाला लावून दाखवा" असे म्हणावे, लाजू नये. आल्या नाहीत तर निरोप धाडावा. अडचण मोठी असेल तर सिव्हिलमध्ये, म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, दाखवावे.

पुरुषांनीही हे वाचावे. पाजणाऱ्या बायकोच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवणे, मोठ्या मुलाला सांभाळणे, रात्री बाळाला उचलून देणे, हंडे भरणे, भांडी घासणे, यांत कमीपणा नाही. सासूबाईंनी "आमच्या वेळी आम्ही सोसलं" म्हणण्याऐवजी सुनेशेजारी बसून बाळाची हनुवटी छातीला टेकली आहे का, ते पाहावे.

महामाया गेल्यावर सात दिवसांच्या सिद्धार्थाला महाप्रजापती गोतमीने आपले दूध पाजले. पुढे बुद्धांसमोर तिची बाजू मांडताना भंते आनंदांनी तिच्या याच उपकाराची आठवण करून दिल्याचे त्रिपिटकात येते. दूध पाजणाऱ्या स्त्रीचा मान आपल्या परंपरेत एवढा मोठा आहे. मग तिच्या दुखण्याकडे डोळेझाक का व्हावी?

ऑगस्टचा पहिला आठवडा जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळतात आणि तो बहुधा आपल्या वर्षावासातच येतो. त्या दिवसांत विहारात ग्रंथवाचनाला उपासिका रोज जमतातच. त्यांतली एक संध्याकाळ महिला मंडळांनी या विषयाला द्यावी. वस्तीतल्या आशाताईंना बोलवावे, गरोदर लेकीसुनांना पुढे बसवावे, कापडाची बाहुली घेऊन बाळ कसे धरायचे ते प्रत्येकीकडून करून घ्यावे. तासाभराचे काम आहे. त्याला लागतात एक बाहुली, एक सतरंजी आणि न लाजता विचारणाऱ्या चार बायका.